एल्मर्बीच्या चर्चमधली ॲलिस

एल्मर्बी, नॉटिंगहॅमजवळ
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. सीमाताई यांस,
दीनानाथचा कृ. सा. न. वि. वि.

आज घड्याळं एक तास मागे झाली. सकाळी उठून चहा केला, घरातली घड्याळं लावली. मायक्रोवेव्हचं अजून जमलेलं नाही, ते काम अनुयाचं होतं. दुपारी वरणभात खाल्ला. मग बागेतली पानं गोळा करून ब्राउन बिनमध्ये भरली. दिवस संपला.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, तेव्हा दोघी बहिणींचा पत्रव्यवहार आता मी पुढे चालवावा, हे तुमचं म्हणणं पटलं. फक्त माझ्याकडून तिच्यासारख्या गमतीजमतींची अपेक्षा ठेवू नका. माझा जन्म हॉस्पिटलच्या फार्मसीत बाटल्यांवर लेबलं लावण्यात गेला. तेवढंच लिहिण्याची सवय आहे.

यंदा वर्षाच्या आत दिवाळी नाही, हे ओघानेच आलं. आमच्याकडे दिवाळीआधी पितळेची भांडी घासायचं काम माझं असे. चिंच कोळायची, मीठ घालायचं, शेवटी चिमूटभर रांगोळीने हात फिरवायचा. अनुया म्हणायची की घरात तेवढं एकच काम मी न सांगता करतो. यंदा समई, तांब्या, घंटा सगळं कपाटात तसंच आहे. काढलंच नाही. पण हाताला चैन पडेना.

काल तिची चर्चची किल्ली परत करायला गेलो होतो. तुम्हाला माहीत आहे, महिन्यातून एका शनिवारी तिथल्या झाडलोटीची पाळी तिची असायची. दारामागच्या फळ्यावर कालच्या तारखेपुढे अजून तिचंच नाव होतं. खोडायला कुणाला धीर झाला नसेल. आत कुणी नव्हतं. मग किल्ली परत न करता केरसुणी घेतली.

एवढ्या वर्षांत मी त्या चर्चमध्ये एकटा कधी थांबलो नव्हतो. ती आलेल्या पाहुण्यांना माहिती सांगायची तेव्हा मी बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचो. दक्षिणेकडच्या दाराच्या कमानीवर नागमोडी नक्षी आहे, ती नऊशे वर्षांपूर्वीची, एवढं मला ऐकून माहीत होतं. मनोरा थोडा कलला आहे, तेही. वेदीपुढच्या भागाला चॅन्सल म्हणतात. तिथे चटईखाली फरशीत पितळी पत्र्याची दोन माणसं बसवलेली आहेत. लोकरीचा एक व्यापारी जॉन आणि त्याची बायको ॲलिस, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे. हात जोडून आडवे झोपलेले. ॲलिसच्या झग्याच्या घोळाजवळ एक छोटं कुत्रं आहे, त्याच्या गळ्यात घुंगरू. अनुया या ॲलिसबद्दल घरी अशी बोलायची, की जणू ती दोन घरं सोडून राहते.

चटई उचलली तर ती बाई काळीकुट्ट. वर हिरवट पांढरे डाग. छतात वटवाघळं आहेत, त्यांचे. मला ते बघवेना. घरी येऊन चिंच, मीठ आणि रांगोळी घेऊन गेलो, आणि गुडघ्याखाली प्रार्थनेची उशी घेऊन दुपारभर घासत बसलो. संध्याकाळी खिडकीतून उजेड आला तेव्हा दोघं सोन्यासारखी दिसत होती. चटई पुन्हा अंथरली आणि घरी आलो. कुणाला सांगितलं नाही. जूनमध्ये अनुया गेली तेव्हापासून पहिल्यांदा मला रात्री झोप लागली, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

हरीशरावांना नमस्कार. आपण दोघांनी प्रकृतीला जपावं आणि माझी आठवण ठेवावी.

आपला,
दीनानाथ


स्टॅनमोर
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

श्री. दीनानाथराव यांस,
सीमाचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एकदा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लेबलं लिहिणाऱ्या माणसाला बरंच लिहिता येतं की. मायक्रोवेव्हचं घड्याळ आमच्याकडेही उन्हाळ्याचंच दाखवतंय. ह्यांचं म्हणणं असं, की मार्चमध्ये ते आपोआप बरोबर होईल.

आम्हीही यंदा काही केलं नाही. फराळ नाही, आकाशकंदील नाही. तरी परवा हे वेम्बलीहून चकल्यांचं पाकीट लपवून घेऊन आले, आणि पकडले गेल्यावर म्हणाले की चकली हा सण नाही, खाणं आहे. मी रागावले आणि मग दोन खाल्ल्या. अनुया असती तर तिने तिसरी मागितली असती.

तिचं हे चर्चचं वेड कसं सुरू झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच, पण मला लिहावंसं वाटतं. तुम्ही नवीन तिकडे राहायला गेलात तेव्हा एकदा पावसात बस चुकली म्हणून ती आत शिरली होती. बाहेर आली ती दगड कोरणाऱ्या गवंड्यांच्या खुणा वहीत उतरवूनच. एक्स-रे काढणारी बाई, आतलं बघायची सवय, दुसरं काय. आईला कळलं तेव्हा आईने पुण्याहून काळजीने फोन केला, की पोरगी बाटली की काय. अनुयाने सांगितलं की देव तोच आहे, फक्त शेजार बदललाय. आईला ते इतकं आवडलं की ती सगळ्यांना सांगत सुटली.

तेव्हा चिंचेने चर्च घासणारा जावई पाहून आई खूश झाली असती. मीही झाले. पण एक शंका विचारते, राग मानू नका. मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा अनुयाने मला ती ॲलिस दाखवली होती. चटई उचलली, मिनिटभर दाखवली आणि लगेच खाली ठेवली. मी बोट लावायला वाकले तर माझा हात धरला. तेव्हा मला वाटलं, ही काय सोवळ्यातली आहे की काय. तुम्ही तिथल्या कुणाला विचारून घासलंत ना?

पोळ्या जमतात का? न जमल्या तरी करत राहा, वाकड्या पोळीनेही पोट भरतं. तुमच्यावरची आमची माया आहे तशीच आहे, ती गृहीत धरा.

तुमची,
सीमाताई


एल्मर्बी
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सीमाताई यांस,
दीनानाथचा कृ. सा. न. वि. वि.

आज इथे रिमेंब्रन्स संडे, युद्धात गेलेल्यांचा दिवस. काळा कोट घातला, छातीला पॉपीचं कागदी लाल फूल लावलं, चर्चमध्ये गेलो. अकरा वाजता सगळे मुकाट्याने उभे राहिले. घरी आलो. जेवलो नाही.

तुमच्या शंकेचं उत्तर आधी देतो. मी कुणालाही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी आजच्या तयारीसाठी चॅन्सलमधल्या चटया उचलल्या गेल्या आणि सगळ्यांनी ते पाहिलं. मला आज कळलं. जो काळपटपणा मी मळ समजलो तो मळ नव्हता. पितळाने सहाशे वर्षांत स्वतःवर धरलेलं ते कवच होतं. म्हणूनच अशा पितळेला कधी घासायचं नसतं, पॉलिश तर नाहीच. चित्राच्या रेघा अगोदरच उथळ झाल्या होत्या. शंभर दीडशे वर्षांपूर्वीच्या बायकांनी हौसेने घासघासून त्या झिजवल्या होत्या, उरलेल्या मी घालवल्या. ॲलिसचं नाक आणि ओठ आता तिरपं बघितलं तरच दिसतात. कुत्र्याच्या गळ्यातले घुंगरू गेले.

दगडाचं त्याहून वाईट. ती शिळा पर्बेक नावाच्या गडद दगडाची, शंखशिंपल्यांच्या चुन्यापासून झालेली. चिंचेचं पाणी त्यावर जिथे जिथे ओघळलं तिथे पांढुरका पट्टा उठला आहे. दोघांच्या भोवती सबंध. आम्ल आणि चुनखडी एकत्र आल्यावर काय होतं ते शाळेतल्या मुलाला सांगता येईल. मी फार्मसिस्ट होतो, सीमाताई. शिकाऊ मुलांना मी ते शिकवत असे.

हे सगळं अनुयाने घरी सांगितलं नसेल असं होणार नाही. जेवताना ती बोलायची आणि मी हं हं म्हणायचो.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. डोरीन तुम्हाला आठवत असेल, अनुयाची मैत्रीण. ऐंशीच्या घरातली, नवरा नाही, मुलगा लिंकनला. चर्चची देखभाल ती पाहते, किल्ल्या तिच्याकडे असतात. पितळेचा एक मोठा गरुड आहे, ज्याच्या पंखांवर बायबल ठेवून वाचतात, तो ती दर पंधरवड्याला चमकवते. त्या गरुडाला पॉलिश चालतं. अनुयाच्या शेवटच्या आठवड्यांत दर गुरुवारी हीच तिच्याजवळ येऊन बसायची. हल्ली डोरीन थोडी विसरते. मध्ये चर्चमधली किटली गॅसवर राहून जळाली, तेव्हापासून सगळे तिच्याशी जरा हळू आवाजात बोलतात.

प्रार्थनेनंतर सगळे चहाचे कप घेऊन उभे होते. व्हिकर बाई, म्हणजे इथल्या धर्मगुरू, म्हणाल्या की हे कुणी केलं असेल कळत नाही. तर डोरीन सगळ्यांसमोर म्हणाली की तिनेच केलं असणार. गरुड पुसता पुसता तिकडेही वळली असणार, पॉलिशची बाटली तिच्याशिवाय कुणाकडे आहे? आपल्याला काहीच आठवत नाही, असं ती म्हणाली, आणि कप खाली ठेवून तिने तोंडावर हात धरला. दोघीतिघी तिच्याजवळ गेल्या.

मी तिथेच होतो. माझ्या हातात बिस्किटांची बशी होती. मी काही बोललो नाही.

का बोललो नाही ते मला सांगता येत नाही. मनात आलं, की लोक म्हणतील अनुयाचा नवरा. जिने वीस वर्षं लोकांना हात लावू दिला नाही, तिच्या नवऱ्याने तिच्या पाळीच्या दिवशी हे केलं. पण हे आता लिहिताना सुचतंय. त्या वेळी मी फक्त बशी धरून उभा होतो.

हे हरीशरावांना वाचून दाखवू नये ही विनंती. माझ्या लेकीला, अक्षरालाही, कळवू नये. आपण रागवावं, पण पत्र पाठवणं थांबवू नये.

आपला,
दीनानाथ


स्टॅनमोर
१५ नोव्हेंबर २०२४

श्री. दीनानाथराव यांस,
सीमाचे आशीर्वाद.

ह्यांना वाचून दाखवलं नाही. अक्षराला कळवलेलं नाही.

पितळेचं म्हणाल तर झालं ते झालं. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. दिवाळी नसलेल्या घरातल्या माणसाने दिवाळीचं काम दुसरीकडे जाऊन केलं, एवढंच ते आहे. अनुया आठ दिवस तुमच्याशी बोलली नसती. मग एखाद्या रविवारी तिनेच पाहुण्यांना सांगितलं असतं, की हे पांढरे पट्टे बघा, ही आमच्या घरची चिंच. मला तिचा आवाज ऐकू येतो.

पण डोरीनचं तसं नाही. तिच्यासाठी एकेक दिवस मोजूनमापून जात असेल. ह्या वयात आपल्याला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते ते तुम्हाला मी सांगायला नको. मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवते तेव्हा आधी इकडेतिकडे बघते, ह्यांनी पाहिलं तर नाही ना. त्या बाईने अख्ख्या गावासमोर म्हटलं की माझं डोकं चालत नाही, आणि ज्याला खरं ठाऊक होतं तो बिस्किटं धरून उभा राहिला. दीनानाथराव, मी तुम्हाला चाळीस वर्षं ओळखते. तुम्ही वाईट नाही. तुम्ही गप्प बसता. माझ्या बहिणीने ते गप्प बसणं सांभाळून घेतलं, कारण ती दोघांचं बोलायची. आता ती नाही.

तुम्ही जाऊन सांगा. चिठ्ठी टाकू नका, व्हिकर बाईंकडून निरोप नको. तिच्या दारात उभं राहून सांगा. नाही सांगितलंत तर मी स्वतः ट्रेनमध्ये बसून येईन, आणि मला ऐकू येत नसल्यामुळे मी किती मोठ्याने बोलते ते तुम्हाला माहीत आहे.

रागाने लिहिलं असलं तरी हात मायेचाच आहे हे समजून घ्या.

तुमची,
सीमाताई


एल्मर्बी
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सीमाताई यांस,
दीनानाथचा कृ. सा. न. वि. वि.

काल रात्रीपासून वारा आणि पाऊस. सकाळी चर्चच्या छतातून पाणी येतंय का ते बघायला गेलो. उत्तरेच्या कोपऱ्यात बादली ठेवली. घरी येऊन कपडे बदलले.

मीच का गेलो ते सांगायला हवं. मी सांगितलं नाही, सीमाताई. तुमचं पत्र आल्यावर तिच्या घरी गेलो होतो. एकदा तिच्याकडे कुणी आलेलं होतं म्हणून फाटकावरून परतलो. दुसऱ्यांदा ती घरी होती. मी दारात उभा राहिलो आणि तब्येत विचारली. तिने आत बोलावून चहा दिला. मग कपाटातून किल्ल्यांचा जुडगा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाली की तिने व्हिकर बाईंना कळवलं आहे, देखभालीचं काम आता तिच्याच्याने होणार नाही. किल्ल्या कुणाकडे द्याव्यात असं विचारलं तेव्हा तिने माझं नाव सांगितलं. अनुयाचा नवरा म्हणजे हात न लावणारा, शांत माणूस, त्याच्याकडे सगळं सुरक्षित राहील, असं तिचं मत.

मी किल्ल्या घेतल्या. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

याच आठवड्यात जुन्या पितळी शिळांची एक तज्ज्ञ बाई पाहणीला आली होती. दार उघडायला मीच गेलो. ती गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत होती. बोलायला चांगली होती, रागावलेली नव्हती. तिने व्हिकर बाईंना सांगितलं की अशा बऱ्याच शिळांवरची पितळं सोळाव्या शतकात इथला पंथ बदलला तेव्हा उखडून वितळवली गेली. यादवी युद्धातल्या सैनिकांनी इथल्या संतांच्या मूर्तींची डोकी उडवली, ती कोनाड्यांत अजून तशीच बिनडोक्याची आहेत. भिंतीवरचं देवाच्या अंतिम निवाड्याचं चित्र चुन्याखाली गेलं. नंतर दुरुस्तीच्या नावाखाली अर्धी फरशी बदलली गेली. या सगळ्यातून ही दोघं वाचली होती. व्हिकर बाईंनी मान हलवली. मी बॅटरी धरली होती. दगडावरचे पट्टे जाणार नाहीत, त्याला इलाज नाही, असं ती म्हणाली.

हल्ली रोज दुपारी कुलूप बघायच्या निमित्ताने मी आत जाऊन बसतो. मधल्या दालनात दोन्ही बाजूंना खांबांची रांग आहे. दक्षिणेकडच्या खांबांच्या माथ्यावर दगडात कोरलेली पानं आहेत, ओकची, द्राक्षाची. उत्तरेकडचे माथे नुसते ठोकळे. अनुया सांगायची की मधेच प्लेगची मोठी साथ आली आणि कोरणारे गेले. नक्की कुणालाच माहीत नाही, पण असं समजतात, असंही ती लगेच जोडायची. वाढवून सांगायची तिला सवय नव्हती. मी त्या ठोकळ्याखाली बसतो. कुणी आलं तर उठून झाडायला लागतो.

तुम्ही मला चाळीस वर्षं ओळखता असं लिहिलंत. ही ओळख पुसून टाकावीशी वाटली तर मी समजू शकेन. तरी दोन ओळी टाकाव्यात.

आपला,
दीनानाथ


मेडनहेड
२९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना,
अक्षराचा साष्टांग नमस्कार.

सरप्राइज! सीमामावशी म्हणाली की फोनवर बाबा फक्त बरं आहे म्हणतात, म्हणून मराठीत पत्र लिही. माझी मराठी स्पेलिंग बघून हसू नका. मी मावशीला विचारलं की तुमची काय चाललंय, तर ती म्हणाली त्यांनाच विचार. सो विचारते. काय चाललंय?

मी ठीक आहे. ऑफिस बिझी आहे. ट्रेन रोज लेट. ख्रिसमसला मी तुमच्याकडे येणार, आणि मावशी आणि काका पण, मी ड्राइव्ह करून आणेन. तुम्ही काही कुक करू नका. म्हणजे थोडा करा.

एक गोष्ट सांगायची आहे आणि ती थोडी सॅड आहे. मला डोरीनचा फोन आला. तिने खूप वेळ वेदर बद्दल बोलली. मग तिने विचारलं की मम आजारी होती तेव्हा मम कधी बोलली का, की डोरीन विचित्र वागते, विसरते. मम रोज पेशंट बघायची, तिला कळलं असणार, आणि ती काइंड होती म्हणून बोलली नसणार, असं डोरीन म्हणाली. मी म्हणाले की नो, मम तुझ्याबद्दल फक्त चांगलं बोलायची. पण ती परत परत तेच विचारत होती. तिने चर्चमध्ये काहीतरी जुनं खराब केलं आणि तिला अजिबात आठवत नाही. तिच्या मुलाला आता घर विकून तिला लिंकनला न्यायचंय. जानेवारीत मेमरी क्लिनिक आहे. ती म्हणाली की ती रात्री उठून गॅस बंद आहे का बघते, मग बघितलं का ते आठवत नाही म्हणून परत उठते.

बाबा, तुम्ही तिच्याकडे जाल का? तुम्ही जास्त बोलत नाही पण तुम्ही असलात की माणसाला शांत वाटतं. मला तरी वाटतं. हॉस्पिसमध्ये तिने ममचे केस विंचरले होते, मी ते विसरणार नाही.

तुम्ही जेवता ना? लोभ ठेवा असं लिहायचं असतं, मावशीने सांगितलं. तर ठेवा. मी पण ठेवते.

तुमची,
अक्षरा


एल्मर्बी
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. सौ. सीमाताई यांस,
दीनानाथचा कृ. सा. न. वि. वि.

आज सकाळी चर्चमध्ये गेलो. प्रार्थना झाली. परत आलो. आता दुपार आहे, पण दिवा लावूनच लिहायला बसलो आहे.

अक्षराचं पत्र तुम्हीच लिहायला लावलंत. तिला काही सांगितलं नाहीत, तो शब्द तुम्ही पाळलात. ते पत्र मंगळवारी आलं. मी कोट घातला आणि सरळ डोरीनकडे गेलो. वाटेत काही ठरवलं नाही, कारण ठरवायला लागलो असतो तर पुन्हा फाटकावरून वळलो असतो.

तिने दार उघडलं. मी दारातच सांगितलं. पितळ मी घासलं, ऑक्टोबरमध्ये, अनुयाच्या पाळीच्या दिवशी. तुम्ही नाही. तिला वाटलं मी तिला बरं वाटावं म्हणून बोलतोय. तिने मला बसवलं आणि म्हणाली की असं खोटं बोलणं चांगुलपणाचं आहे, पण नको. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. कशाने घासलं असं तिने विचारलं. चिंच तिला माहीत नव्हती. इथे जेवणावर घेतात तो ब्राउन सॉस आंबट लागतो तो चिंचेमुळे, असं सांगितलं. तिच्या टेबलावर सॉसची बाटली होती. तिने चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, तिथे ते नाव सापडलं, आणि मग तिला खरं वाटलं. ती हसायला लागली. खूप हसली. मी कधी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिचं हसणं थांबलं.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी तिथे होतो का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. किल्ल्या घेतल्या तेव्हाही माहीत होतं का, असं विचारलं. मी हो म्हणालो.  तिने फोन उचलून मुलाचा नंबर लावला, माझ्या हातात दिला, आणि तेच पुन्हा त्याला सांगायला लावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्याच्या आईला गेल्या महिन्यात त्याने लिंकनमधल्या घरांची ब्रोशरं दाखवली आहेत.

मी किल्ल्या पुढे केल्या. तिने घेतल्या नाहीत. म्हणाली की जिथे ती सगळ्यांसमोर बोलली, तिथेच मीही बोलायचं. ते रास्त होतं.

आज बोललो. व्हिकर बाईंनी सूचनांच्या वेळी मला पुढे बोलावलं. मी चॅन्सलच्या पायरीवर उभा राहिलो, मागे चटईखाली ती दोघं. चार वाक्यं होती, कागदावर लिहून नेली होती, पण कागद बघितला नाही. मी केलं. मला ठाऊक नव्हतं, पण विचारायला हवं होतं. डोरीनने केलं नाही. तिने सगळ्यांसमोर स्वतःला दोष दिला तेव्हा मी इथे होतो आणि बोललो नाही. एवढंच. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला की नाही ठाऊक नाही.

कुणी रागावलं नाही. याहून रागावले असते तर बरं. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी हात दाबला. एकीने म्हटलं की दुःखात माणूस काय काय करतो. सगळे फार चांगले वागले, आणि मला मान वर करता येईना. डोरीन तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. प्रार्थना संपल्यावर ती चहाला थांबली नाही. मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेलो आणि पुन्हा किल्ल्या दिल्या. तेव्हा ती शांतपणे म्हणाली की किल्ल्या व्हिकर बाईंना दे. महिनाभर लोकांनी ज्या नजरेने तिला पाहिलं, त्याच नजरेने ती आता स्वतःला बघते. मी सांगितल्याने ती नजर जात नाही. किटली तिनेच जाळली होती की तीही दुसऱ्या कुणी, हेदेखील तिला आता सांगता येत नाही, म्हणून क्लिनिकमध्ये ती जाणार आहे. मी बरोबर येऊ का असं विचारलं. नको म्हणाली. मग म्हणाली की अनुया असती तर तिला बरोबर नेलं असतं. मी घरी जावं, थंडी आहे, असंही म्हणाली. लिंकनला जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण घर विकायची पाटी लावणं मुलाने थांबवलं आहे.

अनुयाने लिहिलेली चर्चची माहितीपुस्तिका आता छापायला जायची आहे, मुखपृष्ठावर तिचं नाव असेल. पितळेबद्दल काय लिहायचं असं व्हिकर बाईंनी विचारलं. कुणी, कधी, कशाने, हे सरळ लिहा असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की नावाची गरज नाही. मी म्हणालो की आहे. ज्यांनी मूर्तींची डोकी उडवली त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि डोरीनचं नाव मात्र गावात चार आठवडे फिरलं.

अक्षराला मी आज फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. ते ती माझ्याकडून शिकली. मग म्हणाली की ख्रिसमसला येतेच आहे, तेव्हा बोलू.

तुम्ही आणि हरीशराव तिच्याबरोबर यावं. माझ्याशी पूर्वीसारखं बोलता आलं नाही तरी यावं. रागासकट जो काही लोभ उरला असेल तो या घरावर असू द्यावा.

आपला,
दीनानाथ

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी भूक लागल्याचं लक्षात आलं. कालच्या दोन पोळ्या उरल्या होत्या. त्या कुस्करल्या, कांदा चिरला, मोहरी, हिंग, हळदीची फोडणी केली आणि झाकण ठेवून एक वाफ आणली. ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं. मग कढई धुऊन पुसून ठेवली.